सातचा भोंगा, सातचा कॉल

मुलांच्या ऑनलाइन सुरक्षिततेवर 'फोनच देऊ नका' हा उपाय सर्वांत लोकप्रिय आहे. बंगळूरच्या इलेक्ट्रॉनिक सिटीत तो सर्वांत लवकर लंगडा पडतो. इन्फोसिस-विप्रोच्या आवारांभोवती वसलेल्या गृहसंकुलांत शाळेचा गृहपाठ, ऑनलाइन शिकवणी, मित्रांबरोबरचा खेळ हे सगळे पडद्यावरच चालते. तिथल्या मराठी घरांचीही गत वेगळी नाही.

बंदीवाले सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावचा दाखला देतात. तिथे २०२२ पासून संध्याकाळी सातला मंदिरावरचा भोंगा वाजतो आणि दीड तास टीव्ही-मोबाइल बंद राहतात. बेळगावजवळच्या हलग्यानेही २०२४ मध्ये हाच कित्ता गिरवला. उपक्रम चांगलाच आहे, पण तो चालतो तो थोरांनीही फोन खाली ठेवल्यामुळे. इलेक्ट्रॉनिक सिटीत सातच्या सुमारास अमेरिकेत ऑफिसे उघडतात आणि आईबाबांचे कॉल सुरू होतात. दोन खोल्या, दोन्हींची दारे लावलेली, दोन्हीकडे हेडफोन. शिवाय भोंग्याने अभ्यासाचा वेळ वाचतो. मुलाशी पलीकडून कोण बोलते आहे, हे त्याने कळत नाही.

दुसरा पक्ष कायद्यावर विसंबतो. सप्टेंबर २०२३ मध्ये एक्स कॉर्पच्या अपिलाच्या सुनावणीत कर्नाटक उच्च न्यायालयाने, समाजमाध्यमांसाठी २१ वर्षांची अट का नसावी, असे तोंडी विचारले होते. ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून सोळाखालच्यांना खाती ठेवण्यास मनाई केली. भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात अठराखालच्यांसाठी पालकांच्या पडताळणीयोग्य संमतीची तरतूद आहे. मुलांचा माग काढून त्यांच्यावर जाहिराती सोडण्याला लगाम घालण्याची तरतूदही या कायद्यात आहे, हे मोलाचेच. पण ज्या घरात बापाचा ओटीपी लेकीला पाठ असतो, तिथे संमती कोणी दिली हे कोण ठरवणार?

'आम्ही स्वतः इंजिनिअर, आम्हाला कोण फसवणार?' हा तिसरा युक्तिवाद, आणि तोच सर्वांत घातक. गूगलच्या फॅमिली लिंकसारखी साधने वेळ आणि ॲप दाखवतात, संभाषण दाखवत नाहीत. धोका मात्र संभाषणातच असतो. सुरुवात खेळाच्या चॅटमध्ये होते: कौतुक, एखादी फुकट 'स्किन', मग 'कितवीत आहेस?', 'घरी आत्ता कोण आहे?'. पुढे गप्पा आपोआप पुसल्या जाणाऱ्या दुसऱ्या ॲपवर जातात. 'हे आपल्यातच ठेव' असे बजावले जाते. एक फोटो मागितला जातो आणि तो मिळताच सूर बदलतो: आणखी पाठव, नाहीतर वर्गातल्या सगळ्यांना दाखवतो. कधी मुलाने फोटो दिलेलाही नसतो. चेहरा उचलून बनावट चित्र तयार केलेले असते. या सगळ्या डावाची भिस्त मुलाच्या गप्प राहण्यावर असते. आणि सांगितले तर फोन जाईल, ही धास्ती त्याला गप्प ठेवते. बंदीची धमकी देणारे घर अशा वेळी नकळत गुन्हेगाराच्याच बाजूला उभे राहते.

म्हणून खरी तटबंदी एकच: काहीही घडले असले तरी फोन काढून घेतला जाणार नाही आणि ओरडाही पडणार नाही, हे वचन मुलाला आधीच मिळालेले असणे. ते पाळणे कठीण आहे, कारण असे काही कळताच पालक पहिल्यांदा रागाने खातेच उडवून टाकतात आणि त्यासोबत पुरावाही जातो. समोरच्या वापरकर्त्याचे नाव, प्रोफाइलचा दुवा, तारीख-वेळ, पैसे मागितले असतील तर यूपीआय आयडी हे सगळे जपायचे. पैसे द्यायचे नाहीत. मुलाचे असे चित्र 'सावध राहा' म्हणून सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर टाकणे हा स्वतंत्र गुन्हा आहे. ते पसरू नये यासाठी 'टेक इट डाउन' ही मोफत सेवा आहे. तिच्याकडे चित्र न जाता फक्त त्याचा सांकेतिक ठसा जातो.

कायदाही इथे मुलाच्या पाठीशी आहे. २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम ११ मध्ये खऱ्या किंवा बनावट चित्राची धमकीही येते. अशा गुन्ह्याची माहिती असून न कळवणाऱ्या प्रौढाला शिक्षा होऊ शकते, मुलाला नाही. मुलगा-मुलगी आधीच कोलमडली असेल, तर होसूर रोडवरच निम्हान्स ही मानसिक आरोग्य संस्था आहे. तिचे तंत्रज्ञानाच्या अतिवापरासाठीचे 'शट' क्लिनिकही २०१४ पासून चालते.

सायबर गुन्ह्यांसाठी १९३० आणि मुलांसाठी १०९८ हे क्रमांक आहेत. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर बालकांच्या लैंगिक शोषणाच्या साहित्याची तक्रार नाव न देताही नोंदवता येते.