मेंदूचा फराळ

डोके चालवायचे तर साखर हवी, अशी आमच्या घरातली एक जुनी समजूत. आमच्या दादांनी जन्मभर हिशेबाच्या वह्यांत डोके घातलेले. तेव्हा अनारशांच्या डब्यावर पहिला हक्क त्यांचा! मधुमेह झाला तरी हा हक्क काही सुटला नाही.

गेल्या दिवाळीत तर साखर ३०० च्या वर गेली. भाऊबीज उलटली आणि दादांना उपरती झाली. सकाळपासून कडकडीत उपास, गोळ्या मात्र दुप्पट! दुपारी वहिनींची हाक आली, "भाऊजी, लवकर या हो!" जाऊन पाहतो तो दादा घामाने डबडबलेले, हात थरथरताहेत, छातीत धडधड. मी यंत्रावर साखर पाहिली. ७६. "ही तर निरोगी माणसाची साखर! दादा, उगाच घाबरवू नकोस," मी म्हणालो. ते शब्द मला अजून टोचतात.

टेलिफोनवर डॉक्टर कडाडले, "गिळता येतंय ना? मग तीन चमचे साखर पाण्यातून द्या आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा. थांबलात तर त्या गोळ्या साखर आणखी उतरवतील!"

संध्याकाळी त्यांनी मला नीट समजावले. मेंदूचे वजन शरीराच्या पन्नासाव्या हिश्शाएवढे, पण ऊर्जेचा पाचवा हिस्सा तो एकटा खातो. घरात साठा जवळजवळ नाहीच. रक्तवाहिन्यांच्या भिंतीतले वाहक त्याला साखर पोचवतात, तेही इन्सुलिनवाचून. मात्र रक्तात साखर तिप्पट झाली म्हणून बुद्धी तिप्पट चालत नाही. उलट वर्षानुवर्षे चढलेली साखर बारीक वाहिन्यांचे अस्तर बिघडवते. मेंदूचा जो भाग कामाला लागतो तिकडे जादा रक्त धावायला हवे. बिघडलेल्या वाहिन्या तेवढ्या रुंदावत नाहीत. पुढे पक्षाघाताचा आणि स्मृतिभ्रंशाचा धोका वाढतो.

"पण ७६ ला घाम का?" मी विचारले. चढ्या साखरेला सरावलेले शरीर लवकर ओरड करते, ते म्हणाले. १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगात निरोगी माणसांना ५३ च्या सुमारास जाणवलेली लक्षणे साखर ताब्यात नसलेल्यांना ७८ लाच जाणवली होती. म्हणून साखर उतरवायची ती डॉक्टरांच्या सल्ल्याने, बेताबेताने.

यंदा दादांच्या ताटात एकच अनारसा आहे, तोही जेवणाबरोबर. गोळी ठरल्याइतकीच, उपास बंद. आणि मी? यंत्राचा आकडा वाचण्याआधी दादांच्या तोंडाकडे पाहतो.