‘रिग्रेट’चा मेल आलाय?

रात्री साडेअकराला मेल येतो. ‘वुई रिग्रेट टू इन्फॉर्म यू...’ पुढचं वाचायची गरजच नसते. बीकेसीतल्या बँकेची समर इंटर्नशिप गेली! तेवढ्यात लिंक्डइनवर वर्गातल्याच कुणाची तरी ‘थ्रिल्ड टू अनाउन्स’वाली पोस्ट. आई विचारते, ‘काय झालं रे?’ तुम्ही म्हणता, ‘कुठे काय!’

एक दिवस वाईट वाटू द्या. घरी खरं सांगून टाका. लपवलेला नकार जास्त जड होतो. मग नेमके कुठे अडकलात ते बघा. सीव्हीच शॉर्टलिस्ट झाला नाही, तर त्यांनी तुम्हाला पाहिलेलंच नाही. नाकारला गेला तो एक कागद. ॲप्टिट्यूडला अडलात, तर सराव कमी पडला. ‘डीसीएफ समजावून सांगा’ म्हटल्यावर त-त-प-प झालं? बीएसई, एनएसईच्या वेबसाइटवर लिस्टेड कंपन्यांचे वार्षिक अहवाल फुकट मिळतात. एक कंपनी निवडा, एक्सेल उघडा, स्वतः व्हॅल्युएशन करून बघा. पुढच्या वेळी पाठांतर नाही, स्वतःचं काहीतरी सांगता येईल.

कॉलेजचं नाव, ओळखी, फाडफाड इंग्रजी यांचा काहींना फायदा होतो, हे खोटं नाही. त्याचा राग येऊ द्या, पण तो स्वतःवर काढू नका. तोवर घराजवळच्या सीएंच्या ऑफिसात जीएसटी रिटर्न भरायला शिकलात, तर तेही कामच आहे.

आणि ती ‘थ्रिल्ड’वाली पोस्ट? लाइक करून पुढे जाऊ नका. फोन करा, अभिनंदन करा आणि विचारा, ‘तुला काय काय विचारलं रे?’