डुकरांच्या हगवणीला इंजेक्शन हेच औषध आहे का?

आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीत वराहपालनाचा विषय निघाला की दोनच गोष्टी कानावर येतात. एक, अनुदान किती? दुसरी, "पिल्लं हगून राहिली, कोणतं इंजेक्शन मारू?" मी स्पष्टच सांगतो, पहिल्या प्रश्नातूनच दुसरा जन्मतो.

राष्ट्रीय पशुधन अभियानात २०२१ पासून १०० माद्या आणि १० नरांच्या युनिटला ५० टक्के भांडवली अनुदान आहे, जास्तीत जास्त ३० लाख. शेड उभं राहतं, फोटो निघतो. पिल्लाच्या पोटाचं काय?

साधारण चार आठवड्यांनी आपण पिल्लू आईपासून तोडतो. दुधातून आतड्याला मिळणारं संरक्षण बंद होतं, स्वतःचं अजून पुरतं तयार नसतं. नेमकं तेव्हाच वेगवेगळ्या विणींची पिल्लं एका खोलीत कोंबायची, खाद्य एका झटक्यात बदलायचं, खाली ओली फरशी! ई. कोलायला आणखी काय पाहिजे? पुढं वाढीच्या वयात रक्त-आव पडते, जंत होतात. सगळी मरत नाहीत हो, पण खाल्लेलं अंगी लागत नाही. नफा तिथंच मातीत जातो.

आता खाद्य पाहा. वडसा, ब्रह्मपुरी, मूल म्हणजे धानाचा पट्टा. राइस मिलचा कोंडा स्वस्त, म्हणून महिनाभराचा भरून ठेवतात. कच्च्या कोंड्यातलं तेल काही दिवसांतच खवट होतं. आपल्या मे महिन्यात तर विचारूच नका. जोडीला हॉटेलचं न उकळलेलं उष्टं. २०२० मध्ये आसाम-अरुणाचलातून देशात दिसलेल्या आफ्रिकन स्वाइन फीवरला औषध नाही, आणि उष्ट्यातल्या डुकराच्या मांसातूनही तो पसरतो. उकळायला सरपण लागतं, मान्य. अख्खा कळप जाण्यापेक्षा ते स्वस्तच.

(भामरागडकडं माडिया घरांतली मोकळी डुकरं पाहून नाक मुरडणारे भेटतात. तिथं जंत असतील, वाढ कमी असेल, पण ही कोंडलेली गर्दी तरी नाही.)

आणि इंजेक्शन? माणसांसाठी राखीव राहावं म्हणून २०१९ मध्ये केंद्रानं खाद्यप्राण्यांसाठी कोलिस्टिनवर बंदी घातली. तरी विष्ठा न तपासता "स्ट्राँग काहीतरी द्या" हा हट्ट सुरूच.

माझी मागणी साधी आहे. अनुदानाचा हप्ता देताना शेडची लांबी मोजता ना? मग कोरडी उताराची फरशी, तोडलेल्या पिल्लांची वेगळी खोली आणि खाद्य कुठं साठवलं तेही बघा. तालुक्याच्या दवाखान्यात विष्ठा तपासायची सोय करा. पंचायत समितीत हे निवेदन देणार आहे. ज्यांच्याकडं डुकरं आहेत त्यांनी सोबत या, येताना आपल्या शेडच्या फरशीचा फोटो आणा.