सरासरीचे पीक आणि खाचरातले पीक

खळ्यावर उभ्या असलेल्या शेतकऱ्यास यंदा भात किती आले असे विचारले, तर तो पोती मोजून उत्तर देतो. तोच प्रश्न एखाद्या महसूल मंडळाविषयी विचारला, तर पोती मोजणे कोणासही शक्य नाही. तेथे थोड्या शेतांतील पीक मोजून त्यावरून सर्व शेतांविषयी अनुमान करावे लागते. हे अनुमान कसे करावे आणि त्यावर किती विश्वास ठेवावा, हे सांगणाऱ्या शास्त्रास संख्याशास्त्र म्हणतात. हा विषय कॉलेजातील विद्वानांचा आहे, असे समजून आपले शेतकरी बंधू त्याकडे पाठ फिरवितात. आमचे मत असे की, आज शेतकऱ्याच्या पदरात पडणाऱ्या किंवा न पडणाऱ्या रकमेशी या शास्त्राचा जितका निकट संबंध आहे तितका दुसऱ्या कोणत्याही शास्त्राचा क्वचितच असेल.

कारण उघड आहे. पंतप्रधान पीक विमा योजना २०१६ साली सुरू झाली. आपल्या राज्यात २०२३ पासून शेतकऱ्याने केवळ एक रुपया भरावयाचा अशी सवलत होती. ती खरीप २०२५ पासून बंद झाली व विमा हप्त्यातील आपला वाटा शेतकऱ्याने भरावा असे ठरले. त्याच वेळी नुकसानभरपाई मुख्यतः पीक कापणी प्रयोगांवरून निघणाऱ्या सरासरी उत्पन्नावरच द्यावी, असेही धोरण ठरले. पूर्वीचा एक रुपया गेला तरी कोणी हिशेब विचारीत नसे. आता गाठीचा पैसा जातो, तेव्हा ही सरासरी कशी निघते हे विचारण्याचा हक्क प्रत्येक खातेदारास आहे. आणि ज्याचा हक्क आहे त्यास समजून घेण्याचे कर्तव्यही आहे.

सरासरी एकटी कधीही पुरेशी नसते, हे शेतकऱ्यास शिकविण्याची गरज नाही. वाशीच्या बाजार समितीत कांद्याचे भाव निघतात तेव्हा किमान, कमाल व सर्वसाधारण असे तीन आकडे देतात आणि आवक किती झाली तेही सांगतात. नुसता सर्वसाधारण भाव ऐकून कोणीही शहाणा शेतकरी गाडी भरीत नाही. किमान व कमाल यांत अंतर किती, हे तो पाहतो. परंतु मंडळाचे हेक्टरी उत्पन्न जाहीर होते तेव्हा मात्र एकच आकडा आपल्या हाती येतो आणि तो आपण निमूटपणे मान्य करतो, किंवा निमूटपणे त्यास शिव्या देतो. दोन्हीही उपयोगाचे नाही.

हा आकडा काढण्याची पद्धत आजची नव्हे. पूर्वी पीक नजरेने पाहून आणे ठरवीत. सोळा आणे म्हणजे पूर्ण पीक. पाहणारा अनुभवी असला तरी नजर ही माणसाची असे, आणि सारा माफ व्हावा किंवा होऊ नये या दोन्ही ओढी त्या नजरेवर असत. पुढे आणे जाऊन पैसेवारी आली, पण नजर तीच राहिली. यावर उपाय म्हणून जे. ए. हबॅक या अधिकाऱ्याने १९२३ ते १९२५ या काळात बिहार व ओरिसा येथे भाताची शेते चिठ्ठी टाकल्याप्रमाणे निवडून त्यांतील लहान तुकडे प्रत्यक्ष कापून तोलले. प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९३७ पासून बंगालच्या तागावर हीच वाट रुंद केली. आणि सातारा जिल्ह्यातील बुध या गावी १९११ साली जन्मलेले आपले पांडुरंग वासुदेव सुखात्मे, तसेच कापसाच्या पिकावर काम केलेले विनायक गोविंद पानसे, यांनी १९४० नंतरच्या दशकात ही पद्धत शेतकी खात्यांच्या नित्य व्यवहारात आणली. या दोघांनी शेतकी कार्यकर्त्यांसाठी लिहिलेला संख्याशास्त्रीय पद्धतींचा ग्रंथ १९५४ साली प्रसिद्ध झाला व देशभरच्या शेतकी कॉलेजांत तो चालला. आज पीक विम्याचा सारा डोलारा ज्या पायावर उभा आहे, तो पाया घालण्यात मराठी माणसांचा हात आहे, ही गोष्ट आपल्या वाचकांपैकी थोड्यांसच ठाऊक असेल.

या पद्धतीचे मर्म दोन शब्दांत सांगावयाचे तर ते असे: निवड माणसाने करावयाची नाही, चिठ्ठीने करावयाची. गाव चिठ्ठीने, गावातील गट नंबर चिठ्ठीने, आणि शेतातील तुकडाही चिठ्ठीने. शेताच्या नैर्ऋत्य कोपऱ्यातून लांबीत किती पावले व रुंदीत किती पावले जावयाचे, हे आधीच निघालेल्या आकड्यांवरून ठरते. तेथे खुंट्या ठोकून दोरी बांधावयाची, आतील पीक कापून, झोडून, उफणून तोलावयाचे. तुकडा दहा मीटर लांब व पाच मीटर रुंद असेल तर तो पन्नास चौरस मीटरांचा झाला. त्याच्या वजनास दोनशेने गुणले की हेक्टरी उत्पन्न निघाले. म्हणजे तुकड्यात एक किलो इकडचे तिकडे झाले तर हेक्टरी दोन क्विंटलांचा फरक पडतो, हे वाचकांनी पक्के ध्यानात ठेवावे.

सुखात्मे यांनी याच बाबतीत एक महत्त्वाची गोष्ट दाखवून दिली व ती १९४६ साली ‘नेचर’ या शास्त्रीय नियतकालिकात प्रसिद्ध केली. तुकडा फार लहान घेतला की उत्पन्न खऱ्याहून अधिक दिसते. कारण असे की, दोरीवर येणारे रोप आत धरावे की बाहेर, असा प्रश्न पडला म्हणजे कापणाऱ्याचा हात त्यास आत ओढतो. तुकडा जितका लहान तितकी त्याची कड क्षेत्राच्या मानाने मोठी, आणि तितकी ही चूक मोठी. यात कोणाची लबाडी नसते. पण अशी चूक हजार प्रयोग केले तरी नाहीशी होत नाही, कारण ती सर्वत्र एकाच बाजूस झुकलेली असते. चिठ्ठीमुळे होणारी चूक मात्र कधी वर तर कधी खाली असते, आणि प्रयोग वाढविले की ती घटते. या दोन चुकांतील भेद ज्यास कळला, त्यास निम्मे संख्याशास्त्र कळले असे आम्ही म्हणू.

आता आपल्या मुलखाकडे वळू. सिडकोची स्थापना १७ मार्च १९७० रोजी झाली. ठाणे, पनवेल व उरण या तालुक्यांतील जमिनी नव्या मुंबईसाठी घेण्यात आल्या व खाचरांच्या जागी नगरे उभी राहिली. जी शेती उरली ती एकसारखी नाही. खाडीकाठी खारबंदिस्तीच्या आतील जमीन आहे. उधाणात बांधास खांड पडली की तेथे दोन-दोन वर्षे लोंबी भरत नाही. थोडे वर गोड्या पाण्याची खाचरे आहेत. डोंगराच्या पायथ्याशी वरकस आहे. एकाच मंडळात ही सारी जमीन असते आणि त्या सर्वांची मिळून एक सरासरी निघते. गुंतागुंतीच्या माहितीचे याहून चांगले उदाहरण कोणत्या पुस्तकात मिळणार?

उदाहरणादाखल एक हिशेब करू. आकडे केवळ समजण्यासाठी घेतले आहेत. एका मंडळातील खाचरांपैकी शेकडा ६० गोडी व शेकडा ४० खारी आहेत. गोड्या खाचरात यंदा हेक्टरी ३० क्विंटल भात आले, खाऱ्यात ९. तर मंडळाची खरी सरासरी २१.६ क्विंटल झाली. मागील सात वर्षांपैकी चांगल्या पाच वर्षांच्या सरासरीस जोखीमस्तराने गुणून येणारे उंबरठा उत्पन्न २४ क्विंटल धरू, व विमा संरक्षित रक्कम हेक्टरी ५०,००० रुपये धरू. उंबरठ्याहून तूट २.४ क्विंटल, म्हणजे शेकडा १०. तेव्हा प्रत्येक विमाधारकास हेक्टरी ५,००० रुपये मिळाले पाहिजेत.

परंतु मंडळात सर्व खाचरे कोणी कापीत नाही. २०१६ च्या योजनेच्या मार्गदर्शक सूचनांत महसूल मंडळासाठी किमान दहा प्रयोग सांगितले होते. दहा चिठ्ठ्यांत चार खारी खाचरे आली तर हिशेब बरोबर जुळतो. पाच आली तर सरासरी १९.५ होते व भरपाई ९,३७५ रुपये. तीन आली तर सरासरी २३.७ व भरपाई अवघी ६२५ रुपये. दोनच आली तर सरासरी २५.८, आणि भरपाई शून्य! पीक तेच, पाऊस तोच, अधिकारी प्रामाणिक. फरक केवळ चिठ्ठीचा. गणित करून पाहिले असता, चारच खारी खाचरे येण्याचा संभव शंभरांत पंचवीस, आणि दोन किंवा त्याहून कमी येण्याचा संभव शंभरांत सुमारे सतरा निघतो. म्हणजे न्याय्य रक्कम चौघांत एकदाच, आणि सहा वेळांत एकदा काहीच नाही. संख्याशास्त्राच्या भाषेत या सरासरीची प्रमाण चूक सुमारे सव्वातीन क्विंटल आहे. आणि तूट तर अडीच क्विंटलांचीही नाही!

याचा उपाय काय? पुष्कळजण म्हणतील, प्रयोग वाढवा. ते खरे आहे, पण महाग आहे. चूक निम्मी करावयाची तर प्रयोग दुप्पट करून भागत नाही, चौपट करावे लागतात, दहाचे चाळीस. भात कापणीचे दिवस मोजके असतात, सारे गाव एकदम कापणीस लागते आणि कर्मचारी तेवढेच असतात. शिवाय घाईने केलेले चाळीस प्रयोग नीट केलेल्या दहांहून वाईट ठरू शकतात.

दुसरा उपाय स्वस्त आहे व तो शास्त्रास फार पूर्वीपासून ठाऊक आहे. चिठ्ठी टाकण्याआधी जमिनीचे थर पाडावे. गोड्या खाचरांची चिठ्ठी वेगळी, खाऱ्यांची वेगळी. पहिल्या थरातून सहा, दुसऱ्यातून चार. मग दोन थरांतील अंतर चिठ्ठीच्या लहरीवर राहत नाही. उरतो तो प्रत्येक थराच्या आतील लहानसा फरक. एकही प्रयोग न वाढविता सव्वातीन क्विंटलांच्या चुकीचा बहुतेक भाग नाहीसा होतो. खारपट्ट्यास स्वतंत्र विमाक्षेत्र द्यावे की नाही हा पुढचा प्रश्न आहे. तो निराळ्या लेखाचा विषय होईल.

मात्र थर पाडण्यास कोणत्या थराखाली किती क्षेत्र आहे हे ठाऊक हवे. आमचे आयुष्य महसुली दप्तरांत गेले, म्हणून हे आग्रहाने सांगतो की, ती माहिती दप्तरातच आहे. खारभूमी विकासाचा कायदा १९७९ चा आहे व त्याखालील योजनांची क्षेत्रे नोंदलेली आहेत. गाव नमुना बारावर पिकाखालील क्षेत्र असते. आणि १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणीत शेतकरी स्वतःच्या मोबाइलवरून ती नोंद करू लागला आहे. ही नोंद म्हणजे केवळ सात-बाराची शोभा नव्हे. सरासरी काढताना प्रत्येक थरास किती वजन द्यावे, हे तीवरून ठरू शकते. पडीक खाचर भाताखाली दाखविणारा शेतकरी आपल्याच मंडळाचे माप बिघडवितो.

अलीकडे उपग्रहांचा बोलबाला आहे. २०२३ च्या खरिपापासून भात व गहू या पिकांच्या उत्पन्नात तंत्रज्ञानाने काढलेल्या अंदाजास निदान शेकडा ३० वजन द्यावे, असे केंद्राने ठरविले. आम्ही याच्या विरुद्ध नाही. उपग्रह प्रत्येक खाचरावरून जातो, कापणी थोड्यांतच होते; तेव्हा दोहोंची जोड घालणे शहाणपणाचे आहे. कोकणच्या पावसाळ्यात ढगांमुळे साधे छायाचित्र मिळत नाही, पण रडारच्या लहरी ढगांतून पार होतात. परंतु एक गोष्ट विसरू नये. उपग्रहास भाताचे वजन दिसत नाही. त्यास हिरवेपणा, ओलावा व उंची यांच्या खुणा दिसतात. त्या खुणांवरून किती क्विंटल समजावयाचे, हे गणिताचे प्रतिमान कापणी प्रयोगांच्या आकड्यांवरूनच शिकते. गुरूच चुकला तर शिष्य कितीही हुशार असो, तो तीच चूक अधिक सफाईने करील. खाऱ्या खाचरात पात हिरवी व लोंबी पोचट, हा प्रकार यंत्रास कोणी दाखविलाच नसेल तर ते भरघोस पीक सांगेल.

म्हणून आमच्या संघाने पुढील बैठकीत तीन गोष्टींचा ठराव करून तो बेलापूर येथील कोकण भवनात विभागीय आयुक्तांकडे पाठवावा, अशी आमची सूचना आहे. एक, मंडळाचे उत्पन्न जाहीर करताना प्रयोग किती झाले, किमान व कमाल उत्पन्न किती, आणि सरासरीची प्रमाण चूक किती, हे तिच्या शेजारीच छापावे. दोन, खाडीकाठच्या मंडळांत खारी, गोडी व वरकस असे थर पाडून मगच चिठ्ठी टाकावी. तीन, प्रयोगाचा दिवस गावात आधी दवंडीने किंवा फलकावर कळवावा.

तिसऱ्या गोष्टीचे ओझे आपल्यावरही येते. प्रयोगाच्या दिवशी शेतकरी हजर असतो तो बहुधा एवढ्यासाठी की, तुकडा वाईट कोपऱ्यात सरकवावा. हा मोह सोडला पाहिजे. खुंटी आपण आपल्या बाजूस सरकविली, तर उद्या कंपनीच्या प्रतिनिधीने ती आपल्या बाजूस सरकविली असता आपणास तोंड राहणार नाही. हजर राहावे ते पावले मोजली की नाही, दोरीवरील रोपे कोणत्या बाजूस धरली, काटा शून्यावर होता की नाही आणि वजन लिहिले तेच का, हे पाहण्यासाठी. पन्नास चौरस मीटरांच्या त्या तुकड्यावर शेकडो खातेदारांचा पैसा तोलला जात असतो. येत्या कापणीस प्रत्येक सभासदाने आपल्या गावच्या प्रयोगास उपस्थित राहून काय पाहिले ते संघाच्या कचेरीस लिहून कळवावे, म्हणजे ठरावास पुराव्याचे बळ येईल.