पिशवीवर कोणाचं शहर?

गेल्या हिवाळ्यात आमच्या उर्दू शाळेत आनंद मेळावा होता. खाऊचे स्टॉल दरवर्षीच लागतात. या वेळी नववीच्या मुलांनी ठरवलं की कापडी पिशव्यांवर आपल्या शहराची चित्रं छापायची आणि विकायची. मी उर्दू आणि मराठी शिकवते, चित्रकला नाही. पण चित्राखालचा मजकूर दोन्ही लिपींत हवा होता, म्हणून हे काम माझ्याकडे आलं.

पहिल्या दिवशी ३२ चित्रं जमा झाली. त्यातली २७ बीबी का मकबऱ्याची होती. मधोमध घुमट, चार मिनार, समोर पाणी. माणूस एकाही चित्रात नाही. मी विचारलं, "या वर्षभरात मकबऱ्यात कोण कोण गेलं?" चार हात वर आले. बाकीच्यांनी मोबाइलवर फोटो शोधला होता आणि त्यावरून चित्र उतरवलं होतं.

आधी त्यांना एक साधी गोष्ट सांगावी लागली. जुन्या इमारतीचं चित्र कोणीही काढू शकतो, पण दुसऱ्याने काढलेल्या फोटोवरून रेघ न् रेघ उतरवायची आणि ते विकायचं, हे १९५७च्या कॉपीराइट कायद्यात बसत नाही. मला मात्र कायद्यापेक्षा दुसरीच गोष्ट जास्त खटकली होती. शहर आपलं, मुलं आपली, आणि चित्र मात्र दोन तासांसाठी आलेल्या पर्यटकाच्या नजरेतलं.

नॉस्टॅल्जियासाठी मराठीत 'स्मरणरंजन' असा शब्द आहे. स्मरण आणि रंजन, अशी त्याची फोड मी वर्गात करून दाखवते. विकायच्या वस्तूवर येता येता त्यातलं स्मरण बहुतेक वेळा गळून पडतं आणि रंजन तेवढं उरतं. मग कोणत्याही शहराच्या मगावर एक घुमट, एक किल्ला, मागे केशरी आकाश, एवढंच दिसतं. खालचं नाव बदललं की शहर बदललं.

मुलांना मी मारिओ मिरांडा यांची चित्रं दाखवली. मारिओ (१९२६-२०११) गोव्यातल्या लोटली गावचे. तरुणपणी ते रोजनिशीतही चित्रं काढत. आज गोव्यात त्यांची चित्रं मगांवर, फरश्यांवर, पिशव्यांवर विकत मिळतात. त्यात चर्च असतं, पण चर्चसमोर पाद्री असतो, मासेवाली असते, वाद्य वाजवणारा असतो, कोणाच्या तरी पायात आलेलं कुत्रं असतं. ती वस्तू घेणाऱ्याला गोवा माहीत नसला, तरी चित्र काढणाऱ्याला तो माहीत होता, हे कळतं. मुलांना म्हटलं, शाळेत येताना रोज जे दिसतं ते काढा.

दुसऱ्या दिवशी एका मुलाचे वडील भेटायला आले. अदबीने म्हणाले, "टीचर, जानदार की तस्वीर हमारे घर में नहीं चलती." आपल्या वाचकांना हा पेच नवा नाही. या प्रश्नावर आपल्यात मतभेद आहेत आणि शाळेच्या मेळाव्यासाठी तो सोडवायचा माझा अधिकारही नाही. मी त्या मुलाला म्हटलं, माणूस नको काढूस, पण तिथे माणूस आहे हे कळू दे. त्याने भडकल दरवाजाची कमान काढली. मलिक अंबरने १६१२ मध्ये, मुघलांवरच्या विजयानंतर बांधलेला हा दरवाजा. कमानीच्या पुढे त्याने पंक्चरवाल्याचं दुकान काढलं: पाण्याचं घमेलं, टांगलेल्या ट्यूब, हवा भरायचा पंप आणि एक रिकामं स्टूल. मालक आत्ताच चहा प्यायला उठून गेलाय, असं ते स्टूल सांगत होतं. एका मुलीने नान-कलियाची देग काढली, शेजारी कागदात बांधलेले नान. सगळ्या चित्रांत ही दोन उजवी ठरली.

मग मागच्या बाकावरून प्रश्न आला, "टीचर, शहर का नाम कौनसा डालना?"

वर्ग गप्प झाला. २०२३ मध्ये शहराचं नाव अधिकृतपणे छत्रपती संभाजीनगर झालं. माझ्या बी.एड.च्या प्रमाणपत्रावर औरंगाबाद आहे आणि तोंडातूनही तेच निघतं. त्याआधी याच वस्तीला खडकी म्हणत, फतेहनगरही म्हणत. पिशवीवर जुनं नाव टाकलं की ती एक घोषणा होते. नवं टाकलं तरी घोषणाच होते. मग ती भाजी आणायला कोणी नेत नाही. आम्ही जागेचं नाव टाकलं: भडकल दरवाजा. वर मराठीत, खाली उर्दूत. काहींना ही पळवाट वाटेल, आणि थोडी ती आहेही. पण शहराच्या नावाचा वाद आठवीनववीच्या मुलांच्या पाठीवर देणं मला मान्य नव्हतं.

छपाई करणाऱ्याने सांगितलं की प्रत्येक रंगाला वेगळी स्क्रीन लागते, म्हणून दोनच रंग ठेवा आणि रेषा जाड करा. कोरी पिशवी ६० रुपये, छपाई २५, विक्री १५० रुपयांना. अशा ६० पिशव्या केल्या. पहिल्यांदा संपली ती पंक्चरच्या दुकानाची. शेजारच्या मराठी शाळेतल्या एक बाई ती हातात घेऊन म्हणाल्या, "अगं, इथेच तर आम्ही सायकलची हवा भरायचो!" आणि चार घेऊन गेल्या.

मेळावा संपल्यावर ते दुकान चालवणारे चाचा शाळेच्या फाटकात उभे होते. हसतच म्हणाले, "मेरी दुकान बेच डाली टीचर, मेरेकू पूछा बी नईं?"

मला उत्तर सुचेना, कारण हीच तक्रार मी स्वतः वर्षानुवर्षं करत आले आहे. माझे नाना हिमरू विणायचे. उभा धागा सुताचा, आडवा रेशमाचा, आणि वेलबुट्टी त्यांच्या डोक्यात. आज पॉलिएस्टरच्या उशीवर तीच वेलबुट्टी छापून 'हिमरू' म्हणून विकली जाते. विणणाऱ्याचं त्यावर नाव नाही आणि त्यात वाटाही नाही. एका दुकानात अशी उशी हातात घेऊन मी किती चिडले होते! आणि आता तेच मी चाचांशी केलं होतं. हेतू चांगला होता, पण त्या उशीवाल्याचा हेतूही वाईट असेलच असं नाही.

प्रत्येक पिशवीमागे १० रुपये देऊ केले. चाचांनी घेतले नाहीत. म्हणाले, पुन्हा छापाल तेव्हा नाव टाका.

त्यांच्या मागणीने मला मकबरा आठवला. आझमशहाने आपल्या आईसाठी, दिलरस बानू बेगमसाठी तो बांधवला, हे सगळे सांगतात. पण त्याच्या मुख्य दरवाजावर आणखी दोन नावं कोरलेली आहेत: वास्तुकार अताउल्लाह आणि अभियंता हंसपत राय. सतराव्या शतकात शाहजाद्याला आपल्या कारागिरांची नावं दरवाजावर राहू द्यावीशी वाटली. आणि त्याच इमारतीची २७ चित्रं काढताना आमच्यापैकी एकालाही तो दरवाजा दिसला नव्हता.

आठवणी विकू नयेत, असं माझं म्हणणं नाही. आपल्या मोहल्ल्यांत हात चांगला असलेली कितीतरी मुलंमुली आहेत. मेंदी काढतात, खुशखत लिहितात, साइनबोर्ड रंगवतात. त्यांनी आपल्या गल्लीची चित्रं पिशव्यांवर, वह्यांवर छापावीत आणि चार पैसे जरूर कमवावेत. फक्त चित्र स्वतः पाहिलेल्या जागेचं असावं, आणि ज्याच्या कामामुळे ती जागा आठवणीत राहिली त्याला आधी विचारावं. त्याचं नाव घालावं आणि घेईल तर वाटाही द्यावा.

या वर्षी पुन्हा पिशव्या छापणार आहोत. चाचांचं नाव मागच्या बाजूला येईल, त्याखाली चित्र काढणाऱ्या मुलाचं. स्टूल मात्र रिकामंच राहील. ते तसंच ठेवा, असं चाचांनीच सांगितलं आहे.