मुंडीपारची वाट किती पाहायची?

केंद्र सरकारने 28 मार्च 2025 रोजी इलेक्ट्रॉनिक सुट्या भागांच्या निर्मितीसाठी 22,919 कोटी रुपयांची योजना मंजूर केली. अशी बातमी आली की आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला, “भंडाऱ्यात कारखाना कधी येणार?” साकोली तालुक्यातलं मुंडीपार आठवा. प्रफुल्ल पटेल अवजड उद्योगमंत्री असताना 2013 मध्ये तिथे भेलच्या प्रकल्पाचे भूमिपूजन झाले. शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या, कारखाना काही सुरू झाला नाही.

म्हणून आम्ही वेगळा प्रश्न विचारतो. इथल्या धंद्याला कोणते यंत्र हवे आहे, आणि ते आपली मुले बनवून देऊ शकतील का?

धानाचेच घ्या. सरकारी खरेदीत 17 टक्क्यांपर्यंतच ओलावा चालतो. धान ओला निघाला की पोती परत, पुन्हा वाळवण, गाडीभाडे वेगळे. ओलावा मोजणारे बरेच मीटर दाण्यांचे विद्युत गुणधर्म पाहून आकडा दाखवतात. तापमान आणि वाण बदलला की तो आकडाही हलतो. म्हणून आपल्या भागातल्या वाणांवर जुळवलेला मीटर आणि प्रत्येक ढिगाची मोबाइलवर नोंद ठेवणारे सॉफ्टवेअर राईस मिलवाल्याच्या कामाचे आहे. त्यासाठी सेन्सर, मायक्रोकंट्रोलर, सर्किट बोर्ड आणि प्रोग्राम लागतो, शेकडो एकर जमीन नाही.

पण इथे जुगाड चालणार नाही. आधी नमुना बनवा. धान ओव्हनमध्ये वाळवून, आधीचे-नंतरचे वजन करून आकडे पडताळा. एक हंगाम मिलमध्ये वापरा, मगच विका. काम देणाऱ्यानेही लेखी ठरवावे: सर्किटचे ड्रॉइंग आणि सोर्स कोड कोणाच्या ताब्यात राहील, दुरुस्ती कोण व किती वर्षे करेल. नाहीतर बनवणारा पुण्याला गेला की यंत्र भंगारात.

आपल्या घरांतली कितीतरी मुलं मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात बसतात. सोल्डरिंगला त्यांचा हात बसलेला असतो. हा हुनर लहान नाही, त्याला डिप्लोमाच्या तालीमची जोड हवी. पालकांनी दहावीनंतर दुकान की शिक्षण असा वाद घालू नये, दोन्ही चालू द्यावे. आणि मिलवाल्यांनी पहिली छोटी ऑर्डर गावातच द्यावी. मुलं इथे थांबतील ती कामामुळे, भूमिपूजनाच्या दगडामुळे नाही.