त्या घरचं आवतण नाकारू नका

गावकीची बैठक बसते आणि एखादं घर वाळीत पडतं. पोरीनं जातीबाहेर लग्न केलं, कुणी देवळाच्या वर्गणीचा हिशेब मागितला, कुणी निवडणुकीत विरोधात उभं राहिलं, एवढंही कारण पुरतं. कागदावर काही नसतं. पण दुसऱ्या दिवसापासून दुकानदार माल नाही म्हणतो, शिमग्यात पालखी त्या दारावरून तशीच पुढे जाते, गणपतीत आरतीला कुणी फिरकत नाही. मयत झाली तर खांदा द्यायला चार माणसं मिळत नाहीत.

ही गोष्ट जुनी आहे. धोंडो केशव कर्व्यांनी 1893 साली एका विधवेशी लग्न केलं, तेव्हा त्यांच्या मुरूड गावानं त्यांच्यावर बहिष्कार घातला. पुढे 1958 साली त्यांना भारतरत्न मिळालं, म्हणून आपण ती हकीकत कौतुकानं सांगतो. पण बहिष्कार पाळणारे काही राक्षस नव्हते. शेजारीच होते, नात्यातलेही असतील.

माझं बोलणं पंचांशी नाही, तुमच्याशी आहे. निर्णय पाच-सात जणांचा असतो, पाळतं मात्र सगळं गाव. आणि बहुतेक जण रागानं नाही, भीतीनं पाळतात: उद्या आपल्यावर आलं तर? ही भीती खरी आहे, तिला मी हसणार नाही. पण प्रत्येक जण दुसऱ्याला घाबरून गप्प बसतो, म्हणून तर पंचांचं फावतं.

एकट्यानं पुढं व्हायचा धीर नसेल तर दोन-तीन घरांनी मिळून ठरवा. त्या घरी हळदीकुंकवाला जा, त्यांना बोलवा. बाया हे पुरुषांपेक्षा लवकर करतात, असं मला वाटतं. पाणवठ्यावरचं बोलणं कुठल्या पंचाला कायमचं थांबवता येतं? मुलांना मात्र ‘त्यांच्यात खेळू नको’ असं चुकूनही सांगू नका. मूल ते विसरत नाही.

मुंबईच्या चाकरमान्यांनीही ऐकावं. गावच्या मंडळाला तुम्ही वर्गणी पाठवता, तुमच्या शब्दाला वजन असतं. सणाला गावी गेलात की आधी त्या घरी चहाला जा, उघडपणे, दिवसाढवळ्या.

कायदाही तुमच्या बाजूनं आहे. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा महाराष्ट्राचा कायदा 3 जुलै 2017 पासून लागू आहे. बहिष्कार घालणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्याला साथ देणाराही सुटत नाही. वसूल झालेल्या दंडातून पीडिताला भरपाई मिळू शकते. तक्रार पोलीस ठाण्यात करता येते. वाळीत पडलेला माणूस तिथं एकटा गेला तर ‘गावातच मिटवा’ असं ऐकून परत येण्याची भीती असते. त्याच्यासोबत जा, आणि साक्षीदार म्हणून आपलं नाव द्या.